वसतिगृहाची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेला मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी नांदेडला वा छत्रपती संभाजीनगरला निघतो, तेव्हा महाविद्यालयाच्या प्रवेशपत्राइतकाच मोलाचा आणखी एक कागद घरातल्या सर्वांनी पुन्हा पुन्हा वाचून झालेला असतो. तो कागद म्हणजे वसतिगृहात जागा मिळाल्याचा हुकूम. महाविद्यालयांचे इतिहास विपुल लिहिले गेले. वसतिगृहाच्या वाट्याला मात्र अहवालातील एखाददुसरा परिच्छेद आला. मला तर असे निश्चितपणे वाटते, की आपल्या मुलखातील दलित विद्यार्थ्यांना नेतृत्वाचे शिक्षण व्याख्यानाच्या दालनापेक्षा वसतिगृहाच्या भोजनगृहानेच अधिक दिले, आणि म्हणून या संस्थेचे कूळ शोधणे अगत्याचे आहे.

हा शोध घेताना प्रथम कोल्हापूर संस्थानात जावे लागते. शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने तेथे १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले, त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात शाळा एक वेळ मिळे, बिऱ्हाड मिळत नसे. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांना पुढे दोष देण्यात आला. परंतु ज्याला कोणी ओसरीवरही उभे करीत नव्हते त्याला आधी छप्पर हवे होते, आणि ते महाराजांनी दिले.

या कुळातील मला सर्वांत प्रिय असा पूर्वज सोलापूरचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापुरात माध्यमिक शाळेतील दलित मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या अन्नवस्त्राचा आणि वह्यापुस्तकांचा भार सभेने उचलला; सोलापूर नगरपालिकेचे दरमहा ४० रुपयांचे साहाय्य त्यास मिळे. एवढ्यावर ही हकिकत संपली असती तर ती इतर धर्मादाय संस्थांच्या हकिकतींहून फारशी निराळी ठरली नसती. पण सभेच्या उत्तेजनाने या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले. मासिक चालवावयाचे म्हणजे मजकूर जमवावा लागतो, कोणाचा लेख घ्यावा आणि कोणाचा परत करावा हे ठरवावे लागते, आणि परत केलेल्या लेखाच्या लेखकाबरोबर त्याच दिवशी एका पंगतीस बसावे लागते. ज्यांच्या आजोबापणजोबांना अक्षरांची बंदी होती, त्या मुलांच्या हाती संपादकाचा अधिकार आला, हा मला या कुळातील पहिला खरा कारभार वाटतो.

तंत्रशिक्षणाचा धागा या वस्त्रात नंतर विणला गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला एक सविस्तर निवेदन सादर केले. दलितांच्या मुलांना केवळ साहित्याचे आणि कायद्याचे शिक्षण पुरेसे नाही, विज्ञान आणि तंत्रविद्येतील उच्च शिक्षण हवे, ते कुटुंबाच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारनेच द्रव्यबळ द्यावे, असे त्यांनी तेथे निक्षून मांडले. धनबादच्या खाणविद्येच्या संस्थेचा उल्लेखही त्यात आहे. १९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या मंत्र्याच्या दप्तरात दामोदर खोऱ्याच्या धरणांची कागदपत्रे होती, त्याला ती धरणे बांधणारे हात कोणाचे आणि त्यांचे आराखडे काढणारे हात कोणाचे, हा प्रश्न पडल्यावाचून कसा राहील?

परंतु हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा ती १ मे १९९९ रोजी झाली. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. त्या कोंडीतून वाट निघाली ती जून १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेल्या महाविद्यालयामुळे. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचे हे स्मरण आहे. हिंगोलीकडच्या मुलाला तेथे जावयाचे तर १९१२ साली झालेल्या लोहमार्गाने आधी पूर्णेस यावे आणि तेथे गाडी बदलून परभणी, जालना करीत औरंगाबाद गाठावे, असा तो प्रवास होता. १९६० साली त्याच शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे इंजिनियर होण्याची वाट मराठवाड्यातच खुली झाली.

वसतिगृहातल्या कारभाराचे स्वरूप थोडे जवळून पाहिले पाहिजे. भोजनालय विद्यार्थ्यांनीच चालवावे असा शिरस्ता अनेक ठिकाणी पडला. महिन्याचा मेस सेक्रेटरी निवडावयाचा. त्याने मोंढ्यातून गहू, तांदूळ, तेल आणावयाचे. खाड्यांची वही ठेवावयाची. महिनाअखेर एकूण खर्चास जेवणांच्या संख्येने भागून दर काढावयाचा आणि तो भिंतीवर लावावयाचा. दर आठ आण्यांनी वाढला तरी रात्री सभा भरे, आणि पावत्या मांडून जाब द्यावा लागे. एप्रिल जवळ आला की जयंतीची वर्गणी, वक्त्यांची निमंत्रणे, पोलिसांचा परवाना. इंजिनियरिंगच्या मुलांत आणखी एक वहिवाट असे: वरच्या वर्गातल्याने आपला ड्राफ्टर, ड्रॉइंगची शीटे आणि नोट्स खालच्या वर्गातल्याच्या स्वाधीन करावयाच्या, सबमिशनच्या आधीच्या रात्री त्याच्याशेजारी बसावयाचे, आणि गणितात केटी लागून घरी परतण्याच्या गोष्टी करणाऱ्याला स्टेशनवरून माघारी आणावयाचे. या कामांना कोणी नेतृत्व म्हणत नसे, पण माणूस घडत असे तो यांतूनच. मुंबईस वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात दलित पँथरचे अनेक तरुण राहत होते, हा योगायोग नव्हे. १९७२ साली स्थापन झालेल्या त्या संघटनेने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते.

त्या समुद्रापलीकडच्या बांधवांशी आपले नाते त्याहून जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते आणि डुबॉइस यांनी उत्तरही दिले होते. परंतु अभियांत्रिकीपुरते पाहू गेल्यास या कुळाची खरी सहोदर शाखा इंडियाना प्रांतातील पर्ड्यू विद्यापीठात सापडते. तेथे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी दर पाचांतले चार शिक्षण सोडून जात. १९७१ साली एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर हे दोन विद्यार्थी अधिष्ठात्यांकडे गेले, आर्थर बाँड हे प्राध्यापक सल्लागार म्हणून लाभले, आणि मुलांनी आपली संघटना काढली. पुढे शिकागोहून आलेल्या सहा विद्यार्थ्यांनी तिचा विस्तार मनावर घेतला. त्यांच्यातील अँथनी हॅरिस यांनी देशभरच्या अभियांत्रिकी संस्थांना पत्रे धाडली, आणि एप्रिल १९७५ मध्ये ३२ महाविद्यालयांचे ४८ विद्यार्थी पर्ड्यूत एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे राष्ट्रीय अध्यक्षपद आजही विद्यार्थ्याकडेच असते. एकट्याने शिकणारा गळतो, सोबतीने शिकणारा तगतो, हा अनुभव त्यांना आणि आपल्याला एकमेकांस न विचारता आला.

आज औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. तेथे लागणारे अभियंते याच पंचक्रोशीतून यावेत असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच एका गोष्टीची मला काळजी वाटते. शासकीय वसतिगृहात ज्यांना जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिच्यातून त्यांना जेवण, निवास आणि इतर खर्चासाठी वार्षिक रक्कम थेट मिळते. योजना उपकारक आहे यात शंका नाही. परंतु त्या रकमेतून भाड्याची खोली मिळते, खाड्यांची वही आणि महिनाअखेरची सभा मिळत नाही. वसतिगृहांच्या जागा वाढविणे हा खरा उपाय. तोवर निदान स्वाधारचे विद्यार्थी जेथे विखुरले आहेत अशा प्रत्येक शहरात समाजकल्याण खात्याने एक सामायिक भोजनगृह आणि अभ्यासिका उघडावी, आणि तिचा हिशेब त्यांनीच निवडलेल्या समितीच्या हवाली करावा.