घाटावर आणि घाटाखाली : बुलढाणा जिल्ह्यातील सार्वजनिक प्रवास

बुलढाणा जिल्ह्याच्या लोकव्यवहारात तालुक्यांची विभागणी ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ या दोन शब्दांनी होते. ही विभागणी भूगोलाने केली. तिला पक्के रूप मात्र वाहतुकीने दिले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून. पुढे १८७० साली जलंब-खामगाव ही सुमारे आठ मैलांची शाखा सरकारी खर्चाने बांधण्यात आली व तिच्या उद्घाटनास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. हा मान प्रवाशांचा नव्हता, कापसाच्या गाठींचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला आलेला भाव खामगावच्या बाजाराने अनुभवला होता. प्रवासी त्या गाठींच्या मागोमाग गाडीत चढला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

घाटावर मात्र रूळ चढले नाहीत. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही बुलढाण्यास आजतागायत रेल्वे नाही. आगगाडी गाठावयाची तर राजूर घाट उतरून मलकापुरास जावे लागते. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा येथील सामान्य माणसाला बंडी, दमणी अथवा स्वतःचे पाय यांवाचून दीर्घकाळ गत्यंतर नव्हते. खामगाव-जालना लोहमार्गाची जुनी मागणी ध्यानात घेतली म्हणजे या उणिवेची धार कळते.

ही उणीव एस.टी.ने बऱ्याच अंशी भरून काढली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली गाडी धावली तेव्हा बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भातील प्रांतिक वाहतूक सेवा मुंबईच्या महामंडळात विलीन झाली. या व्यवस्थेतील खरी महत्त्वाची संस्था, संशोधकांनी फारशी न हाताळलेली, म्हणजे ‘मुक्कामाची गाडी’. रात्री शेवटच्या गावी थांबायची, चालक-वाहकांनी तेथेच निजायचे आणि पहाटे विद्यार्थी, बाजारकरू, दवाखान्याचा रोगी यांना घेऊन तालुक्यास निघायचे. पुढे अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासाने गावातल्या मुलीला तालुक्याची शाळा आवाक्यात आली. पण पासाचे मोल गाडी येण्यावर अवलंबून असते, हे २०२१-२२ च्या दीर्घ संपात प्रत्ययास आले.

‘फाटा’ हा शब्द येथे पाहण्याजोगा आहे. मुळात फाटा म्हणजे मुख्य वाटेपासून फुटलेली वाट, एस.टी.च्या व्यवहारात तो थांब्याचा वाचक झाला. गाडी गावात न आली तरी फाट्यावर मिळते, या भरवशावर अनेक गावांचे जीवन चालते.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी असा खुला झालेला समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा या घाटावरील तालुक्यांतून जातो. घाटावरच्या मुलखाला इतका वेगवान मार्ग यापूर्वी कधीच लाभला नव्हता. पण त्याला फाटे नाहीत. प्रवेश ठरावीक ठिकाणीच. दुचाकीस, पादचाऱ्यास मज्जाव. मोटार बाळगणाऱ्यास नागपूर जवळ आले. ज्याच्या शेतावरून तो रस्ता गेला, त्याला कडेला उभे राहून हात दाखवता येत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ याच मार्गावर एक खासगी प्रवासी बस पेटून पंचवीस जण मृत्युमुखी पडले. ते नागपूरहून पुण्याकडे निघालेले प्रवासी होते. पिंपळखुट्याचा माणूस तालुक्याला जाण्यासाठी अजून जुन्याच रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहतो.