पाच विद्यार्थिनी आणि पंधरा लाख रुपये

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव निघाले की हिंगण्याची झोपडी आठवते. पण त्यांच्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलपती कोण, हे विचारले तर आमच्या मालवण तालुक्यातही उत्तर चटकन मिळत नाही. ते होते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म १८३७, मालवण. मी धामापूरचा, म्हणजे त्याच तालुक्यातला. त्यामुळे या विद्यापीठाबद्दल मला थोडी जवळीक वाटते. आज बोलायचे आहे ते त्याच्या एका वर्षाबद्दल. ते वर्ष १९२०.

त्याआधीची हकिगत थोडक्यात सांगतो. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ‘आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे’ हा विचार त्यांनी भाषणात मांडला. लगेच सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, ते सुरूही केले. विद्यार्थिनी होत्या पाच! भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. शिकवण्याचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी मात्र सक्तीचा विषय.

तो काळ पहिल्या महायुद्धाचा. सरकारची मान्यता नव्हती. या विद्यापीठाची पदवी होती ‘गृहीतागमा’, म्हणजे जी. ए. ही पदवी सरकारदरबारी चालत नव्हती. अशा ठिकाणी मुलगी पाठवायची कुणी? १९१९ मध्ये वारूबाई शेवडे पहिल्या पदवीधर झाल्या. तीन वर्षांनी एक पदवीधर, असा तो हिशेब होता.

मग खर्च चालायचा कसा? कर्व्यांना एकच मार्ग ठाऊक होता. चालत जायचे, दार ठोठवायचे आणि कुणी देईल ते घ्यायचे. मुरूडला असताना गावासाठी ‘मुरूड फंड’ त्यांनी असाच उभा केला होता. हिंगण्याचा आश्रमही असाच वाढवला होता. विद्यापीठासाठी त्यांनी आणखी एक युक्ती केली. दरवर्षी वर्गणी देणाऱ्यांना विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर सभासद निवडून देण्याचा हक्क दिला. म्हणजे वर्गणीदार हा नुसता दाता राहिला नाही, तो विद्यापीठाचा मतदार झाला. पैसा थोडा जमे, पण प्रत्येक रुपयामागे एक माणूस उभा असे.

अशा वेळी सर विठ्ठलदास ठाकरसी पुढे आले. मुंबईचे मोठे गिरणीमालक. त्यांनी जपानचे महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. १९२० मध्ये त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. मूळ रक्कम हातात यायची नव्हती. दरवर्षी व्याजाचे ५२,५०० रुपये मिळायचे होते. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यायचे आणि पुढेमागे मुख्य ठाणे मुंबईला न्यायचे, या अटी होत्या.

तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा? पण विचार करण्यासारखेच होते. पुण्याजवळच्या माळरानावर जन्मलेले हे काम. नाव बदलायचे, पत्ता बदलायचा, म्हणजे जुन्या वर्गणीदाराने त्याला आपले म्हणायचे की नाही? कर्व्यांनी देणगी स्वीकारली, आणि मला वाटते योग्यच केले. नुसत्या वर्गण्यांवर मुंबई-पुण्याबाहेर, गुजरातपर्यंत शाळा-कॉलेजांचे जाळे पसरणे अवघड होते.

पण मोठ्या देणगीची दुसरी बाजूही पुढे दिसली. १९२२ मध्ये विठ्ठलदास वारले. काही वर्षांनी ट्रस्टी आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले आणि व्याजाची रक्कमच थांबली. वर्षाचे सारे गणित ज्या एका आकड्यावर मांडलेले, तोच नाहीसा झाला. त्या काळात विद्यापीठाला आधार राहिला तो पुन्हा लहान देणग्यांचा. सत्तरी ओलांडलेले कर्वे १९२९ मध्ये युरोप, अमेरिका, जपानच्या प्रवासाला निघाले. पाठोपाठ आफ्रिकेत गेले. तिथल्या हिंदी लोकांपुढे त्यांनी विद्यापीठाचे काम मांडले आणि मदत गोळा केली. १९३५ मध्ये तडजोड झाली, १९३६ मध्ये विद्यापीठाचे ठाणे मुंबईला गेले. कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले, आणि तेव्हा कुलगुरू झाल्या विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई. भांडण झाले, तरी नाते तुटले नव्हते.

आमच्या धामापूरचा तलाव १५३० चा. विजयनगरच्या राजवटीतील मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला, असे सांगतात. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. बांध घालायला ऐपतीचा माणूस लागतो, हे खरेच. पण पाट साफ ठेवायला, पाणी शेता-बागायतीपर्यंत न्यायला पिढ्यान्‌पिढ्या गावच लागतो. गाव बाजूला झाला तर बांध राहील, पण शेताला पाणी पोचणार नाही. विद्यापीठाचेही तसेच आहे. ठाकरसींनी बांध घातला. पाट मात्र त्या अनाम वर्गणीदारांनी वाहते ठेवले.

हे कर्व्यांना पुरते उमगले असावे. विद्यापीठ मुंबईला गेले त्याच १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी नवे काम हाती घेतले: महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तिथे शाळा काढायच्या. ज्याच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी मिळाली होती, तो माणूस पुन्हा लोकांच्या दारात उभा राहिला, थोडेथोडके मागत.