पहिला अंक खरोखर पहिला असतो का? ब्लॅक पँथर, आयकॉन आणि आपल्या वाचनाची निवड

२०१८ साली 'ब्लॅक पँथर' सिनेमा आला आणि आपल्या चळवळीतली अनेक तरुण मुले-मुली कॉमिक्सकडे वळली. आम्ही जे अभ्यासवर्ग घेतो तिथे तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो : वाचायचे तर यातले कोणते? प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. ब्लॅक पँथरचा 'अंक पहिला' १९७७ साली निघाला, मग १९८८, १९९८, २००५, २०१६, २०१८, २०२१ आणि २०२३ सालीही निघाला. मधले एखाददुसरे आम्ही मोजलेलेही नाहीत. नायक तोच, मुखपृष्ठावर आकडा मात्र दरवेळी एक.

यामागचे अर्थकारण समजून घ्या. पहिला अंक जास्त खपतो. जुना वाचक तो संग्रहासाठी घेतो, नवा वाचक इथून सुरुवात करता येईल म्हणून घेतो. विक्री उतरली की मालिका बंद करायची आणि लेखक-चित्रकार बदलून पुन्हा एकपासून मोजायला लागायचे, हा अमेरिकेतल्या मोठ्या कॉमिक्स कंपन्यांचा जुना धंदा आहे. म्हणून 'सगळ्यात नवे ते घ्या' हा सल्ला आम्हाला मान्य नाही. प्रत्येक नवी सुरुवात आधीचे काहीतरी पुढे नेते आणि काहीतरी गाडून टाकते. आपण ज्या समाजातून येतो त्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा निवड करताना विचारायचे ते हेच : या वेळी काय गाडले गेले, आणि लेखणी कुणाच्या हातात होती?

ब्लॅक पँथर प्रथम दिसला तो 'फँटास्टिक फोर'च्या ५२व्या अंकात, जुलै १९६६ मध्ये. निर्माते स्टॅन ली आणि जॅक कर्बी, दोघेही गोरे ज्यू अमेरिकन. आफ्रिकेतल्या कुणाचीही गुलामी न पत्करलेल्या, विज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या वकांडा या काल्पनिक देशाचा हा राजा. त्याच वर्षी अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीय मतदारांच्या संघटनेची निशाणी काळा पँथर होती, आणि ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ह्यू न्यूटन व बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. कॉमिक आधी आले, पार्टी नंतर. पण पार्टीचा दबदबा वाढला तेव्हा अवघडले ते कॉमिकच. १९७२ च्या सुरुवातीच्या एका अंकात राजा टचाला आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' करतो, कारण पँथर या नावाला अमेरिकेत राजकीय अर्थ चिकटला आहे. हे नाव टिकले नाही, तो भाग वेगळा.

आता १९७२ हेच वर्ष मुंबईत बघा. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली ती याच वर्षी. न्यूयॉर्कमधली कंपनी जे नाव झटकू पाहत होती, ते नाव इथल्या पोरांनी छातीवर लावले. ते नाव त्यांनी ओकलंडच्या पार्टीवरून घेतले होते, कॉमिकवरून नव्हे. सिनेमा बघून येणाऱ्या आपल्या मुलांची इथे गल्लत होते म्हणून हे स्पष्ट लिहितो आहोत.

पँथरला स्वतःची खरी जागा मिळाली १९७३ पासून 'जंगल ॲक्शन' नावाच्या मासिकात. नाव वसाहतवादी, पण आत डॉन मॅकग्रेगर या गोऱ्या लेखकाने आणि पुढे बिली ग्रॅहम या कृष्णवर्णीय चित्रकाराने जे केले ते त्या काळी कुणी केले नव्हते. जवळजवळ सगळी पात्रे काळी, आणि गोष्ट वकांडातल्या अंतर्गत बंडाची. मग १९७६ मध्ये त्यांनी टचालाला थेट जॉर्जिया राज्यात नेले, कू क्लक्स क्लॅनच्या समोर उभे केले. एका अंकात क्लॅनवाले त्याला जळत्या क्रूसावर बांधतात. ही कथा रंगात असतानाच मासिक बंद झाले. १९७७ च्या सुरुवातीला नवा 'अंक पहिला' आला, खुद्द जॅक कर्बीचा. त्यात क्लॅन नव्हता, जॉर्जिया नव्हते. टचाला आता पितळेच्या बेडकाच्या मागे धावत होता. कर्बीच्या चित्रकलेबद्दल आम्हाला आदर आहे, पण पुन्हा सुरू करणे म्हणजे काय असू शकते याचे इतके उघड उदाहरण दुसरे सापडणार नाही. क्लॅनची गोष्ट पुढे दुसऱ्याच एका मासिकात तीन अंकांत उरकण्यात आली.

१९९८ मध्ये ख्रिस्तोफर प्रीस्ट या कृष्णवर्णीय लेखकाच्या हाती मालिका आली आणि ६२ अंक चालली. प्रीस्टने निवेदक नेमला एव्हरेट रॉस, अमेरिकी परराष्ट्र खात्यातला एक घाबरट गोरा अधिकारी. गोऱ्या वाचकाची नजर त्याच्याच तोंडून वाचून दाखवायची आणि तिचीच टिंगल करायची, अशी ही युक्ती. चतुर आहे, पण आपल्या वाचकाला प्रत्येक वेळी त्या गोऱ्याच्या खांद्यावरून बघावे लागते आणि दमछाक होते. २००५ च्या रेजिनाल्ड हडलिनच्या मालिकेत वकांडाचा अभिमान ठासून भरलेला आहे. वाचायला मजा येते, त्यापलीकडे फार काही हाती लागत नाही.

२०१६ ची मालिका मात्र वेगळी. लेखक टा-नेहासी कोट्स, गुलामगिरीच्या नुकसानभरपाईवर अमेरिकेला हादरवणारा निबंध लिहिणारे. चित्रे ब्रायन स्टेलफ्रीझची. इथे वकांडाची जनताच राजाविरुद्ध उठली आहे. बायकांवर अत्याचार करणाऱ्या एका सरदाराला ठार मारले म्हणून राजाच्या अंगरक्षक दलातल्या अनेकाला मृत्युदंड होतो. तिची सहकारी आयो तिला सोडवते आणि दोघी बंड पुकारतात. कोट्स विचारतात : राजा शूर आहे, हुशार आहे, आपल्या रंगाचा आहे, म्हणून त्याने राज्य करावे का? कथेच्या शेवटी वकांडा नव्या संविधानाकडे वळते.

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. सुपरहिरो म्हणजे विभूतिपूजेचा कारखानाच. त्या कारखान्यात बसून कोट्स सिंहासनाला हात घालतात, म्हणून ब्लॅक पँथरमधून एकच निवडायची तर २०१६ ची. 'पण तेवढाच एक आपला राजा आहे, त्यालाही खाली खेचायचे?' असे एका कार्यकर्त्याने आम्हाला विचारले होते. राजा काळा असला तरी त्याच्या दारात उभी असलेली बाई प्रजाच असते, एवढेच आमचे उत्तर.

तरीही आमची पहिली शिफारस ब्लॅक पँथर नाही. ती मालिका कुणीही लिहिली तरी मालक कंपनीच. १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवान, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चार कृष्णवर्णीयांनी 'माइलस्टोन मीडिया' काढली. छपाई आणि वितरण डीसी या मोठ्या कंपनीचे, पण पात्रांची मालकी माइलस्टोनकडे. हार्डवेअर, ब्लड सिंडिकेट, आयकॉन आणि स्टॅटिक या त्यांच्या पहिल्या चार मालिका. 'हार्डवेअर'चा नायक इंजिनियर आहे. मालकाला तो शोधांमागून शोध लावून देतो, आणि नफ्यात वाटा मागितला की त्याला त्याची जागा दाखवली जाते.

'आयकॉन' तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. १८३९ साली परग्रहावरचा एक जीव अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात पडतो. मिरियम ही गुलाम स्त्री त्याला उचलते आणि तो तिच्यासारख्या काळ्या बाळाचे रूप घेतो. तो मरत नाही. १९९३ मध्ये तो ऑगस्टस फ्रीमन नावाचा श्रीमंत वकील आहे, उच्चभ्रू वस्तीत राहतो आणि मानतो की मी मेहनतीने वर आलो, बाकीच्यांनीही यावे. त्याच्या घरात चोरी करायला वस्तीतली मुले घुसतात. त्यांच्यातली रॅकेल अर्विन त्याची शक्ती पाहते, आणि काही दिवसांनी स्वतः बेतलेल्या पोशाखाचे चित्र घेऊन त्याच्या दारात उभी राहते : तुला उडता येते, मग तू आमच्यासाठी काय केलेस? पुढे ती रॉकेट होते. पंधरा वर्षांची ही मुलगी गरोदर आहे आणि तिला लेखिका व्हायचे आहे. आमच्या मते गोष्टीची खरी नायिका तीच.

१९५६ च्या आग्र्याच्या भाषणात शिकलेल्यांविषयी बाबासाहेबांनी जी वेदना बोलून दाखवली, ती ठाऊक असलेल्या माणसाला ऑगस्टस फ्रीमन परका वाटणार नाही. सोसायटीत फ्लॅट घेऊन वस्तीचा रस्ता विसरलेले असे साहेब प्रत्येक शहरात आहेत. मॅकडफी त्याला खलनायक करत नाहीत, त्याचे म्हणणेही पूर्ण ऐकून घेतात. म्हणून रॅकेलचा युक्तिवाद जास्त धारदार होतो.

१९९७ ला माइलस्टोनचे अंक थांबले, २०११ ला मॅकडफी गेले आणि २०२१ ला डीसीने या मालिका नव्याने सुरू केल्या. मूळ कथेत शहरातल्या टोळ्यांची मोठी लढाई होते, पोलीस प्रायोगिक रसायन मिसळलेला अश्रुधूर सोडतात, बरेच जण मरतात आणि उरलेल्यांना शक्ती मिळतात. शाळकरी व्हर्जिल हॉकिन्स, म्हणजे स्टॅटिक, तिथे सूड घ्यायला बंदूक घेऊन गेलेला असतो. नव्या आवृत्तीत टोळ्या नाहीत. धूर सुटतो तो 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या मोर्चावर. बदल काळाला धरून आहे आणि अनेकांना तो आवडला. आम्हाला मात्र जुनी गोष्ट जास्त कठीण आणि म्हणून जास्त मोलाची वाटते. मोर्चातल्या निरपराध मुलाच्या बाजूने उभे राहणे सोपे असते. ज्याच्या हातात चाकू सापडला, ज्याच्यावर आधीच दोन गुन्हे आहेत, त्या वस्तीतल्या पोराला कोठडीत मारले तर आपली निवेदने किती निघतात?

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी १९९३ चे 'आयकॉन', मग त्याच वर्षीचे 'स्टॅटिक' आणि लगेच त्याला जोडून २०२१ ची नवी मालिका, म्हणजे फरक डोळ्यांसमोर राहील. त्यानंतर 'जंगल ॲक्शन'मधली क्लॅनची कथा आणि शेवटी कोट्स. २०२२ मध्ये डीसीने माइलस्टोनचे जुने अंक एका जाडजूड ग्रंथात एकत्र छापले आहेत. एकट्याला परवडणार नाही, चार-पाच जणांनी वर्गणी काढून घ्या.

आणि 'स्टॅटिक' उघडण्याआधी त्याचे नाव कुठून आले ते माहीत असू द्या. व्हर्जिल डी. हॉकिन्स हा खरा माणूस होता. १९४९ साली त्याने फ्लोरिडा विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला आणि काळा म्हणून त्याला नाकारले गेले. नऊ वर्षे तो कोर्टात लढला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने आदेश दिला तरी राज्याने जुमानले नाही. १९५८ साली त्याने आपला अर्ज मागे घेतला, आणि त्या बदल्यात विद्यापीठाच्या पदव्युत्तर व व्यावसायिक शाखांचे दार इतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडले. त्याच वर्षी कायद्याच्या वर्गात पहिला काळा विद्यार्थी बसला. तो हॉकिन्स नव्हता.