फॉस्फेट साठवणाऱ्या जिवाणूंची कुळकथा

सांडपाण्यातील फॉस्फेट तलावांत व संथ नद्यांत उतरले की शैवाल आणि जलपर्णी माजतात, आणि त्या कुजू लागल्या की पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात. म्हणून ते आधीच काढावे लागते. तुरटी किंवा लोहाचे क्षार मिसळून ते तळाशी बसवता येते. पण हेच काम जिवाणूंकडून करून घेण्याच्या पद्धतीचा आरंभ बंगळूरला झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असावी, याची खंत वाटते.

हवा खेळवलेल्या सांडपाण्यात जिवाणूंचे जे पुंजके वाढतात, त्यांना सक्रियित गाळ म्हणतात. भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी 1959 मध्ये असे नोंदवले की, भरपूर हवा मिळाल्यास हा गाळ पाण्यातले फॉस्फेट झपाट्याने शोषून घेतो. पुढे 1965 मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि शपिरो यांनी, पेशींची ऊर्जानिर्मिती रोखणारे द्रव्य घातले असता हे शोषण थांबते, असे दाखवून ते जिवंत पेशींचेच काम असल्याचे सिद्ध केले.

खरा उलगडा मात्र दक्षिण आफ्रिकेत झाला. प्रिटोरियातील दासपूर्ट येथे 1970 च्या दशकाच्या आरंभी जेम्स बर्नार्ड नायट्रोजन काढण्याचे प्रयोग करीत असताना फॉस्फेटही घटलेले आढळले, आणि गाळ आधी ऑक्सिजन व नायट्रेट दोन्ही नसलेल्या टाकीतून गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. या टाकीत फॉस्फेट कमी होण्याऐवजी वाढते, आणि वरकरणी तोट्याचा वाटणारा हा टप्पाच साऱ्या पद्धतीचा पाया आहे. फॉस्फेटची साखळी असलेले पॉलिफॉस्फेट मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर हे जिवाणू ॲसिटेटसारखे अन्न ओढून घेतात आणि ते पेशीत साठवतात; इतर बहुतेक जिवाणूंना हवेविना हे साधत नाही. पुढच्या टाकीत हवा मिळताच तो साठा जाळून ते सोडलेल्यापेक्षा अधिक फॉस्फेट परत घेतात. नाइसर पद्धतीने रंगवलेल्या गाळात पिवळसर पेशींमधील पॉलिफॉस्फेटचे कण गडद जांभळे दिसतात.

कर्ता कोण, हे ठरायला मात्र वेळ लागला. 1975 पासून ॲसिनेटोबॅक्टरला दिलेले श्रेय जनुकीय तपासण्यांत टिकले नाही, आणि 1999 मध्ये ‘कँडिडॅटस ॲक्युम्युलिबॅक्टर’ हे नाव पुढे आले. त्यातील ‘कँडिडॅटस’ ही उपाधी शुद्ध स्वरूपात वाढवता न आलेल्या जिवाणूला लावतात. म्हणजे जिवाणूची ओळख पटण्यापूर्वीच त्याच्या जोरावर मोठमोठी केंद्रे चालू झाली होती.

साध्या गाळाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस दोन टक्क्यांच्या आसपास असतो, तर या गाळात तो पाच ते सात टक्क्यांपर्यंत जातो. परंतु तो गाळ वेळेवर बाहेर काढला नाही आणि हवेविना पडून राहिला, तर साठवलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते.