इंडक्शन शेगडीची भांडी
इंडक्शन शेगडीत काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा, साधारण 20 किलोहर्ट्झच्या वरचा, विद्युत्प्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच भोवरी प्रवाह निर्माण होऊन ते तापते. म्हणून बूड लोहचुंबकीय हवे. लोखंड, बीड व चुंबकीय स्टील चालते. निव्वळ तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम व माती चालत नाही. सगळे स्टेनलेस स्टीलही चालत नाही: निकेलयुक्त 304 प्रतीला चुंबक सहसा धरत नाही, 430 प्रतीला धरतो. त्यामुळे खरेदीला जाताना खिशात चुंबक असावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो भरवशाचा. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला चुंबकीय स्टीलची तबकडी जोडलेली असावी लागते.

बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई आणि पोक आलेला जुना तवा इथे निरुपयोगी. फार लहान बुडाचे भांडे शेगडी ओळखतच नाही.

कराडलगतच्या मलकापूरसारख्या ज्वारीच्या भाकरीच्या मुलखात खरी अडचण वेगळीच. सपाट लोखंडी तव्यावर भाकरी भाजली जाते, पण शेवटी ती फुगवायला लागणारा जाळ नसतो. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागते. वांगे भाजायला तर गॅस किंवा चूलच.