आठ तासांची गोष्ट: न्यूयॉर्क ते वडवणी

दसरा झाला की आपल्या वडवणीच्या वाड्या-वस्त्यांवर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवस किती तासांचा? ते कुणी मोजत नाही. म्हणून आज बोलू या ‘आठ तास काम’ या गोष्टीवर. ती आली कुठून आणि पोचली कुठपर्यंत?

जरा लांब जाऊ. न्यूयॉर्क, २५ मार्च १९११. ट्रँगल नावाच्या कारखान्यात बायकांचे ब्लाउज शिवले जायचे. शनिवारी सुटायच्या वेळेला आग लागली. जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं, कारण कामगार माल चोरतील अशी मालकांना शंका. १४६ जण गेले. बहुतेक तरुण मुली, परमुलखातून पोटासाठी आलेल्या. मग लोक रस्त्यावर उतरले, चौकशी आयोग बसला आणि न्यूयॉर्क राज्याला कारखान्यांचे कायदे बदलावे लागले.

दोनच वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, २२ वर्षांचा एक विद्यार्थी त्याच शहरात उतरला. सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप, कोलंबिया विद्यापीठ, विषय अर्थशास्त्र. नाव भीमराव आंबेडकर.

बाबासाहेब तिथे असतानाच, जानेवारी १९१४ मध्ये, हेन्री फोर्डने ९ तासांचे ८ तास केले आणि दिवसाला ५ डॉलर जाहीर केले. मोठ्या मनाने? तसं नाही. त्याच्याकडे माणूसच टिकत नव्हता, रोज कुणीतरी काम सोडून जायचं. १९१६ मध्ये रेल्वे कामगारांनी देशभर संपाचा इशारा दिला. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिकेचा माल तिकडे चाललेला. अशात रेल्वे थांबून कसं चालेल? सप्टेंबरमध्ये रेल्वेसाठी आठ तासांचा कायदा झाला.

तोवर बाबासाहेब लंडनला गेले होते. १९१७ मध्ये ते परत निघाले, सामान वेगळ्या बोटीने पाठवलं. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तुम्हाला फॉरवर्ड आला असेल, ‘बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ केले’. कायद्याचा हिशोब जरा वेगळा आहे. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ झाली, म्हणजे सहा दिवस, रोज आठ तास. ते विधेयक बाबासाहेबांनीच मांडलं होतं. आकडा फॉरवर्डपेक्षा लहान वाटेल, पण लाखो कामगारांचे आठवड्याला सहा तास वाचले. आणि त्यामागे मुंबईच्या गिरणी कामगारांचे कितीतरी संप होते, हेही विसरू नका.

आता या आपल्या फडावर. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट साखर कारखान्यालाही लागू होता. गेटच्या आत मशिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे तास ठरलेले. पण त्याच गेटमधून जो ऊस आत येतो, तो तोडणारी बाई पहाटे अंधारात उठते, दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरते. तिला मजुरी टनावर. घड्याळ तिच्यासाठी नाहीच.

न्यूयॉर्क असो की मुंबई, तास आपोआप कुठेच कमी झाले नाहीत. कामगार एकत्र आले, मालकाची किंवा सरकारची नड होती, आणि कुणीतरी ते कागदावर पक्कं केलं, तेव्हा झाले. ऊसतोडीत पहिली गोष्ट अधूनमधून होते, कोयता बंद होतो, टनाचा दर वाढतो. तासांचं मात्र अजून कागदावर आलेलं नाही.

घरातलं कुणी फडावर जाऊन आलं असेल तर आज एवढंच विचारा, किती वाजता उठायचात आणि किती वाजता पाठ टेकायची? वजाबाकी तुम्हीच करा. भेटू पुढच्या भागात!