उमरगा परिसरातील परसबाग

परसबाग म्हणजे घरामागील किंवा घराभोवतीच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या गरजेपुरती केलेली भाजीपाला, फळझाडे, फुलझाडे व औषधी वनस्पतींची लागवड. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील उमरगा परिसरात पाण्याची टंचाई ही परसबागेची मुख्य मर्यादा आहे. त्यामुळे बागेतील फेरबदल व नवी लागवड पावसाळ्यातील नव्हे, तर उन्हाळ्यातील उपलब्ध पाण्यावरून ठरवणे हितावह असते.

पार्श्वभूमी

उमरगा मराठवाड्याच्या दक्षिण भागात, कर्नाटक सीमेलगत आहे. येथील पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची झळ या परिसरालाही बसली. त्यानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांत जुन्या दाट वस्तीच्या तुलनेत घरांभोवती अधिक मोकळी जागा उपलब्ध झाली.

पाण्याचा हिशेब

नव्या झाडांची संख्या मे महिन्यात देता येणाऱ्या पाण्याशी जुळवावी लागते. उदाहरणार्थ, स्नान व धुणीभांडी यांचे रोज ६० लिटर पाणी मिळत असेल आणि प्रत्येक रोपाला दिवसाआड १० लिटर द्यायचे असेल, तर ते १२ रोपांनाच पुरते. हे पाणी वाळू-खडीच्या शोषखड्ड्यालगत लावलेल्या केळी, कर्दळ यांनाही देता येते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना मात्र ते देऊ नये.

जागेची आखणी

उंच झाडे उत्तरेच्या बाजूस लावल्यास भाजीच्या वाफ्यांवर सावली कमी पडते. पश्चिमेकडील शेवगा उन्हाळ्यात दुपारची विरळ सावली देतो. काळी माती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. म्हणून मोठी झाडे घराच्या पायापासून दूर ठेवतात. वड, पिंपळ व उंबर घर वा विहिरीजवळ लावणे टाळतात.

नवी लागवड

फळझाडांसाठी एप्रिल-मेमध्ये सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन उन्हात तापू देतात. ते शेणखत व मातीने भरून, चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावतात. सीताफळ, कागदी लिंबू, कढीपत्ता व शेवगा ही या हवामानास मानवणारी झाडे आहेत. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका व अंबाडी, तर हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू व कोथिंबीर घेतात. परभणी येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'परभणी क्रांती' हा भेंडीचा परिचित वाण आहे.

फेरबदल

संपूर्ण बाग एकाच वर्षी बदलल्यास सर्व कोवळ्या रोपांना एकाच वेळी पाणी द्यावे लागते. फळरोपांना पहिले दोन उन्हाळे विशेष जपावे लागते. म्हणून दरवर्षी एकेका भागात बदल करणे सोयीचे ठरते. एकाच वाफ्यात सलग तीच भाजी न घेता फेरपालट करतात. उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट यांचे आच्छादन केल्यास जमिनीतील ओल अधिक काळ टिकते.

महत्त्व

परसबागेमुळे कुटुंबाला ताजा भाजीपाला मिळतो व आहारात विविधता येते. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानातर्फे (उमेद) बचत गटांतील महिलांमध्ये पोषण परसबागेचा प्रसार केला जातो. अनेक शाळांतही परसबागा असून त्यांतील भाजीचा उपयोग शालेय पोषण आहारात होतो.